उतारावर पोळणारे तळहात

चंद्रपूर जिल्ह्यातलं गडचांदूर मागे टाकून माणिकगडच्या पहाडाला लागलं की चढ-उतार सुरू होतात ते जिवती तालुक्यातल्या गुड्यांपर्यंत, म्हणजे वस्त्यांपर्यंत, सोबत करतात. धडधाकट माणसाला हा रस्ता दमवतो. हाताने व्हीलचेअर ढकलणाऱ्याचे मात्र तळहात सोलतो. झाडावरून पडून कणा मोडलेला असो की अपघातात पाय गमावलेला, अशा माणसाच्या वाट्याला बहुधा घडीची लोखंडी खुर्ची येते. वजन 18-20 किलो आणि चाकाच्या बाहेरच्या अंगाला क्रोमची गुळगुळीत रिंग. खुर्ची दिली की प्रश्न सुटला, असं देणाऱ्यालाही वाटतं आणि घरच्यांनाही. ती रिंग रोज हजारो वेळा कोणाच्या तरी मुठीत येणार आहे, हा विचार फारसा होत नाही. तो व्हायला हवा, कारण खुर्ची किती दूर जाईल हे पुष्कळदा चाकापेक्षा या रिंगेवर ठरतं.

साधा हिशोब करून पाहू. 60 किलोचा माणूस आणि 20 किलोची खुर्ची, एकूण 80 किलो. गुळगुळीत सपाट फरशीवर हे वजन ढकलायला किलो-दीड किलोचा जोर पुरतो. दवाखान्याच्या रॅम्पसाठी साधारणपणे 12 फुटांना 1 फूट असा चढ धरतात. तिथे सुमारे पावणेसात किलोंचा जादा जोर लागतो. शिवाय हात सतत रिंगेवर नसतो, पुढच्या ढकलीसाठी तो मागे न्यावाच लागतो. म्हणून हात रिंगेवर असतो तेवढ्या वेळात याच्या दुपटीहून अधिक जोर काढावा लागतो. पहाडावरचे रस्ते काही रॅम्पचं माप पाहून काढलेले नाहीत.

हा सगळा जोर हातातून चाकात जातो तो फक्त घर्षणाच्या आधाराने. घर्षण निम्मं झालं की मूठ दुप्पट आवळावी लागते. घामेजलेला हात आणि क्रोम, किंवा पावसात चिखलाने माखलेलं चाक, म्हणजे नेमकं हेच. सतत आवळलेल्या मुठीने आणि वाकवलेल्या मनगटाने तिथली नस दबते, बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो. डॉक्टर याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. वर्षानुवर्षं खुर्ची ढकलणाऱ्यांच्या अनेक पाहण्यांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक लोकांत ही तक्रार आढळली आहे. ज्याचे पाय गेले त्याचे हातच त्याचे पाय असतात, तेव्हा हे दुखणं किरकोळ मानता येत नाही.

मग रिंगेवर रबर किंवा व्हिनाइलचा थर का नसावा? असा थर असलेल्या रिंगा मिळतात आणि चढावर त्या खरोखर उपयोगी पडतात. मूठ न आवळता नुसता तळवा दाबला तरी चाक फिरतं. मानेच्या दुखापतीने बोटं मिटत नाहीत अशांना तर तोच मार्ग. अडचण येते उतारावर. खुर्ची रोखायची म्हणजे फिरती रिंग हातात घासू द्यायची. तेच 80 किलो 10 मीटर खाली उतरले की सुमारे 7,800 ज्यूल ऊर्जा मोकळी होते. 100 मिलिलिटर पाणी जवळजवळ 19 अंशांनी तापेल इतकी ती आहे. थोडी चाकं आणि रस्ता घेतात, उरलेली तळहात आणि रिंग यांच्यात वाटली जाते. धातू आपल्या वाट्याची उष्णता झटकन रिंगभर पसरवतो, रबराला ते जमत नाही, म्हणून हात पोळतो. उन्हाळ्यात धातूचा हाच गुण उलटतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 अंशांवर जातो. तेव्हा अंगणात उभ्या खुर्चीची रिंग धरली की चटका बसतो, कारण उन्हात घेतलेली उष्णता रिंग तितक्याच झटकन हाताला देते.

त्यामुळे पहाडासाठी माझा कौल असा: रिंग धातूची, आणि पकड हातमोजाची. बोटं उघडी, तळव्याला चामडं आणि अंगठ्याच्या मुळाशी दुहेरी थर असलेला मोजा चढावर पकड देतो, उतारावर झीज आणि चटका स्वतःवर घेतो, आणि फाटला तर बदलता येतो. सायकलवाल्यांचा मोजाही चालतो. जाड वेल्डिंगचा नको, बोटांना रिंग कळत नाही आणि मूठ आणखी आवळली जाते. लोकरीचा तर अजिबात नको, तो क्रोमवर घसरतो. ज्याच्या रस्त्यात मोठे उतार नाहीत, तो सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी रिंगेवर घट्ट गुंडाळू शकतो. त्याने बारीक रिंग जाडही होते आणि मुठीला सोपी जाते. ती उन्हात तापते आणि झिजते, एवढं लक्षात ठेवावं.

या भागात एका गटासाठी हा विषय अधिक गंभीर आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमटेंनी 1949 साली आनंदवन उभं केलं ते कुष्ठरुग्णांसाठी, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत या रोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. पायाच्या जखमा चिघळून पाय कापावा लागलेल्या अशा माणसाचे हातही अनेकदा बधिर असतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की कुष्ठरुग्णाची बोटं रोगाने आपोआप गळत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून वारंवारचा दाब, चटके आणि जखमा ती खातात. गुळगुळीत रिंग आवळणं किंवा रबरी रिंग उतारावर घासणं, दोन्ही त्याच यादीतले धोके. इथे हातमोजा पट्टी-मलमाइतकाच उपचाराचा भाग आहे. रोज संध्याकाळी मोजा काढून हात पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं आणि दोन्ही तळवे उजेडात पाहायचे. आपल्याला दिसत नसेल तर घरातल्या मुलाला पाहायला सांगायचं. चिखल भरलेला ओला मोजा मात्र पुन्हा घालायचा नाही, त्यातला एक खडाही फोड आणतो.

मोजे घेण्याआधी बैठकीची उंची तपासावी. खुर्चीत ताठ बसून हात रिंगेच्या सर्वांत वरच्या बिंदूवर ठेवला की कोपराचा कोन 100 ते 120 अंशांदरम्यान यायला हवा. कोपर जवळजवळ सरळ होत असेल तर बैठक फार उंच आहे, आणि रिंगेचा फारच थोडा भाग हाताला सापडतो. खुर्च्या वाटणाऱ्या शिबिरात खुर्ची घेतानाच तिथल्या तंत्रज्ञाला हे पाहायला लावावं. बैठक सैल पडून खाली गेली असेल तर जाड गादीने दुरुस्त होते, उंच असेल तर खुर्चीच दुसरी मागावी लागते, आणि ती शिबिराची गाडी पहाड उतरण्याआधीच मागितलेली बरी.