तलंग लंगडते तेव्हा

कोंबडी लंगडायला लागली की घरात दोनच विचार येतात, गोळी नाहीतर सुरी. गोळी म्हणजे शेजारच्या पोल्ट्रीवाल्याकडून आणलेली टेट्रासायक्लिनची पूड पाण्यात कालवून सगळ्यांना पाजायची. सुरी म्हणजे रविवारचा रस्सा. पशुवैद्यक म्हणून आधी मावळ-मुळशीच्या भातपट्ट्यात आणि नंतर पुरंदर-दौंडच्या कोरड्या भागात काम करताना मी दोन्ही गोष्टी वारंवार पाहिल्या. दोन्हींत नुकसान एकच. ती कोंबडी का लंगडत होती हे कळायचं राहून जातं आणि पुढच्या महिन्यात दुसरी लंगडते.

परसातल्या दहा-पंधरा कोंबड्या हा बहुतेक घरांत बाईचा स्वतःचा पैसा असतो. पोरांच्या वह्या, माहेरी जायचं एसटीचं भाडं, अडीनडीला कुणापुढे हात न पसरता निघणारा दवाखान्याचा खर्च, हे सगळं त्या अंड्यांवर चालतं. म्हणून कोंबडीच्या पायाचा प्रश्न मला कधी किरकोळ वाटला नाही.

लंगडणं हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. त्यामागे तळव्यातला काटा असू शकतो, अडकलेलं अंडं असू शकतं, हाडातला चुना संपलेला असू शकतो किंवा मज्जातंतूत शिरलेला विषाणू असू शकतो. यातल्या बहुतेक कारणांवर टेट्रासायक्लिनचा काडीचाही उपयोग नाही. त्यामुळे माझे प्रश्न पायापासून लांबचे वाटावेत असेच असतात. वय किती? एकच लंगडते की बऱ्याच? एका रात्रीत झालं की हळूहळू? खायला काय घालता? आणि रात्री बसतात कुठे?

उत्तरं ऐकतानाच मी लांबून बघत असते. पकडायला धावलं की दुखणारा पायही कोंबडी क्षणभर सरळ टाकते, दुखणं लपवते. कळपात दुबळी दिसली तर बाकीच्या टोचतात, म्हणून ती लपवायला शिकलेली असते. निवांत चरू द्यावी. पाय टेकवताना कचरते, म्हणजे तिला दुखतंय. पाय मागे फरफटतो, बोटं उलटी पडतात, पण दुखल्याची काहीच खूण नाही, म्हणजे पायापर्यंत हुकूम पोचत नाहीये. हा एक फरक ओळखता आला तर निम्मी वाट सरते.

मग उचलायची. शक्यतो अंधार पडल्यावर, बसल्या जागेवरून अलगद. बोटांपासून सुरुवात करून वर मांडीपर्यंत चाचपत जायचं आणि प्रत्येक जागी दुसऱ्या पायाशी ताडून बघायचं. एक गोष्ट लक्षात ठेवायची. कोंबडीचा मागे वाकणारा जो सांधा आपण गुडघा म्हणून दाखवतो तो खरं तर तिचा घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो आणि तो बघायचा राहून जातो. घोट्याचा सांधा गरम आणि सुजलेला लागला तर सांध्यातल्या जंतुसंसर्गाचा संशय घ्यायचा. तिथे औषधाचा उपयोग होऊ शकतो, पण कोणतं आणि किती हे डॉक्टरला ठरवू द्यावं.

तळवा तर पाहायलाच हवा. मधोमध काळी खपली आणि भोवती टणक सूज दिसली तर बायका त्याला कुरूप म्हणतात. प्रत्यक्षात बारीक जखमेतून जंतू आत शिरून तिथे पू घट्ट झालेला असतो. गिरिराज किंवा वनराज जातीच्या वजनदार कोंबड्या उंच फांदीवरून टणक जमिनीवर उडी टाकतात, चिरलेल्या बांबूवर बसतात, ओल्या घाणीत उभ्या राहतात, त्यातून हे होतं. सुरुवातीला कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून, पोव्हिडोन आयोडीन लावून, पट्टी बांधून भागतं. गाठ खोल गेली असेल तर घरी ब्लेड चालवू नये. बसायची काठी दीड-दोन फुटांवर आणली नाही आणि तिच्या कडा तासून गोल केल्या नाहीत तर बरा झालेला पाय पुन्हा फुगतो. संक्रांतीनंतर बोटांभोवती पतंगाचा दोरा आवळलेला सापडतो. कापला की काम झालं, पण तोवर बोट काळं पडलं असेल तर ते वाचत नाही. म्हाताऱ्या कोंबडीच्या नळीवरचे खवले उचललेले, पांढरट, खडबडीत दिसले तर ती खरूज आहे, खवल्यांखाली राहणाऱ्या किड्यांची. त्यावर रॉकेल ओततात, ते करू नये, कातडी भाजते. खोबरेल किंवा व्हॅसलीन जाडसर लावत राहिलं की किडे गुदमरून मरतात.

वयाचं मी विचारते त्याला कारण आहे. चार दिवसांच्या पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकले असतील तर खाली वर्तमानपत्र अंथरलंय का ते बघा. गुळगुळीत कागदावर त्या कोवळ्या पायांना पकड मिळत नाही. पोत्याचा तुकडा अंथरायचा आणि दोन्ही पाय मऊ पट्टीने, मध्ये नेहमीचं अंतर ठेवून, काही दिवस बांधायचे. पहिल्या आठवड्यात केलं तर पिल्लू सरळ चालतं, उशिरा केलं तर नाही. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाची बोटं आत मुडपून मुठीसारखी झाली आणि ते घोट्यांवर चालू लागलं तर बी-टू जीवनसत्त्व कमी पडतंय. लवकर दिलं तर बोटं उघडतात.

अंड्यावरच्या कोंबडीचं गणित वेगळं. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं आणि कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं. नुसती ज्वारी आणि कण्या टिपणाऱ्या कोंबडीला एवढं कॅल्शियम मिळणार कुठून? ती स्वतःच्या हाडांतून काढते. आधी पातळ कवचाची अंडी येतात, मग एक दिवस चांगली अंड्यावर असलेली कोंबडी बसते ती उठतच नाही. घरातले म्हणतात, नजर लागली. संध्याकाळी वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा ठेवला तर लागेल तेवढा ती स्वतः खाते. मात्र असं बसलेलं दिसलं की पोटाखाली हात घालून अंडं अडकलंय का हेही बघावं, कारण अडकलेलं अंडं पायाकडे जाणाऱ्या नसा दाबतं.

भातपट्ट्यात मी खाण्याबद्दल जरा जास्तच खोदून विचारते. पांढरा, पॉलिश केलेला तांदूळ आणि कोंबडीचे पाय यांचा संबंध वैद्यकाच्या इतिहासात मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक झोकांड्या खाऊ लागल्या, मग पडू लागल्या आणि काही काळाने आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीत कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला नकार दिला, पुन्हा कोंड्याचा तांदूळ सुरू झाला आणि पाय परतले. कोंड्यात असलेलं आणि पांढऱ्या तांदळातून निघून गेलेलं ते द्रव्य म्हणजे आज आपण बी-वन म्हणतो ते जीवनसत्त्व. आइकमानला त्यासाठी १९२९ साली नोबेलचा वाटा मिळाला. परसात मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गवत, उकिरडा उकरून ही तूट बहुधा भरून काढते. पण शेजाऱ्यांशी भांडण नको म्हणून जाळीत कोंडलेली आणि नुसत्या शिळ्या भातावर ठेवलेली कोंबडी भरून काढू शकत नाही. गिरणीवरचा कोंडा म्हशीला जातो, त्यातला थोडा कोंबड्यांनाही द्यावा.

पुरंदरमधल्या एका वस्तीवर एका आजींच्या तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, एकाच आठवड्यात लुळ्या पडल्या. "मानमोडी आली बगा म्याडम. समद्यांस्नी सुया मारा," त्या म्हणाल्या. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की भीती वाटणं रास्तच आहे. त्यात मान पिळवटते, हिरवट हगवण लागते, श्वास घरघरतो आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं. पण या तलंगांच्या माना सरळ होत्या आणि एकीचाही श्वास वाजत नव्हता. शिवाय शेजारणीच्या कोंबड्या दिवसभर त्याच उकिरड्यावर यांच्यात मिसळून चरत होत्या आणि त्या ठणठणीत होत्या. राणीखेत कुंपण बघून थांबत नाही. दोन घरांच्या कोंबड्यांचं खाणं सारखं, पाणी सारखं, ऊन सारखं, वेगळी होती ती फक्त रात्रीची जागा.

तलंगांच्या पंखाखाली पिसं बाजूला केली तर कातडीला राईएवढे निळसर काळे दाणे चिकटलेले. आजींचं खुराडं जुनं, दगडमातीचं, दाराच्या फळ्या चिरलेल्या. दिवसा त्यात काहीच दिसलं नाही. रात्री विजेरी घेऊन परत गेले तेव्हा भिंतीवर चपट्या गोचिडी हिंडत होत्या. कोंबडीची ही गोचीड गुरांच्या गोचिडीसारखी अंगावर राहत नाही. मोठी गोचीड रात्री फटीतून येते, रक्त पिते आणि उजाडायच्या आत फटीत परतते. तिची पिल्लं मात्र अनेक दिवस कातडीला चिकटून राहतात आणि त्यांच्या लाळेतल्या विषाने पाय लुळे पडू शकतात. पंखाखालचे दाणे काढले, कोंबड्यांना दुसऱ्या जागी डालग्याखाली ठेवलं, आणि दोन तलंगा काही दिवसांत उभ्या राहिल्या.

तिसरीला ताप होता आणि हिरवी हगवणही. तिच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात मळसूत्रासारखे जंतू वळवळत होते. हा स्पायरोकीटचा आजार, तोही याच गोचिडीमार्फत येतो आणि पेनिसिलिनला दाद देतो. म्हणजे खुराडं एक, गोचीड एक, आणि लंगडण्याची कारणं दोन. आजींनी मागितल्याप्रमाणे सगळ्यांना सुया मारल्या असत्या तरी भिंतीतल्या गोचिडी तशाच राहिल्या असत्या. त्या वर्षाहून जास्त काळ उपाशी जगतात, त्यामुळे खुराडं नुसतं रिकामं ठेवूनही भागत नाही. फटींवर ब्लो लॅम्पची ज्वाळा फिरवली, कीटकनाशक मारलं, मग चुना घालून फटी लिंपल्या. दाराच्या फळ्या आजींनी चुलीत घातल्या.

दुसरं घर मुळशीतलं, आणि तिथला निकाल वाईट होता. तिथल्या वहिनी खुडूक कोंबडीखाली घरचीच अंडी बसवायच्या. पिल्लं चांगली वाढायची आणि तीन-साडेतीन महिन्यांची झाली की एखादी लंगडायची. मग एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडून राहायची. डोळे तरतरीत, समोर ठेवलेलं खायची, तरी छातीचं हाड दिवसेंदिवस वर येत जायचं. वहिनींनी कॅल्शियम दिलं, जीवनसत्त्वाचे थेंब दिले. मी त्यांना सांगितलं, पुढची मेली तर पुरू नका आणि फ्रीजरमध्ये टाकू नका, दोन पिशव्यांत घालून बर्फावर ठेवून त्याच दिवशी आणा. गोठवलं की उती बिघडतात.

त्यांनी आणली. मांडीचे स्नायू बाजूला केले की पायाकडे जाणारी मुख्य नस दिसते. निरोगी कोंबडीत ती पांढरी शुभ्र, दोन्हीकडे सारख्या जाडीची, बारीक आडव्या रेषांची असते. इथे डावी तशीच होती. उजवी करड्या पिवळट रंगाची, दुपटीहून जाड, रेषा पुसलेल्या. मारेक्सचा आजार. योझेफ मारेक या हंगेरीतल्या पशुवैद्याने १९०७ साली लंगड्या कोंबड्यांत त्याचं वर्णन केलं, त्याच्या नावाने तो ओळखला जातो. विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि खुराड्याच्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. माणसाला त्याची बाधा होत नाही. उपचार नाही. लस आहे, पण ती पिल्लू अंड्यातून निघाल्याच्या पहिल्या दिवशी उबवणूक केंद्रातच टोचतात. खुडकीखाली निघालेल्या पिल्लाला ती कोण देणार? एका बाटलीत शेकडो मात्रा असतात आणि विरघळवली की थोड्या वेळात संपवावी लागते.

हे वहिनींना सांगणं मला जड गेलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग मी काय करू?" हा प्रश्न कारण कळल्यावरच विचारता येतो आणि त्याला उत्तर होतं. लंगडलेल्या वाचणार नाहीत, त्यांना वेगळ्या ठेवून त्रास होऊ न देता संपवायचं. साथीत आपोआप टिकलेल्या मोठ्या कोंबड्या ठेवायच्या, पण त्यांच्या अंगावरून विषाणू झडत राहतो हे धरून चालायचं. नवी पिल्लं मारेक्सची लस दिलेलीच घ्यायची आणि पहिले काही आठवडे जुन्या कोंबड्यांपासून, जुन्या खुराड्यापासून लांब वाढवायची. पिल्लांचं काम आधी, मोठ्यांचं नंतर, मध्ये हात धुवायचे.

एक सावधगिरी. एखादुसरी नाही, तर एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे-काळे पडले, तोंडं सुजली, तर कुणीही कोंबडी फाडू नये, बाजारात नेऊ नये, खाऊही नये. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तो देशातला पहिला उद्रेक होता. अशा वेळी लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करायचा. नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे कसे पाठवायचे ते दवाखान्याचे लोक बघतात.

वहिनींनी पुढच्या खेपेला उबवणूक केंद्रातून लस दिलेली पिल्लं आणली आणि ती पडवीत, घराच्या दुसऱ्या अंगाला वाढवली. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवायची त्यांना फार हौस होती. ती त्यांनी पुरती सोडली नाही, तिच्याखाली आता बदकाची अंडी ठेवतात.