उद्यमनगरातला सायलेन्सर

सकाळी ९.००
कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ केव्हाच सुरू झालेत. मिस्त्री शटर वर करतात, उदबत्ती लावतात. पोरगा पाने रॉकेलने पुसून फळीवर मांडतो. त्याला दिवसाला चारशे, चहा-वडा गॅरेजचा.

९.४०
हिमालयन ४११ मोटरसायकल येऊन थांबते. मालक तिशीतला. शनिवारी फोंडा घाट उतरून मालवण, तिथून गोवा. मागे लांबट खोकं बांधलंय. आत नवा सायलेन्सर, चौदा हजारांचा.
“मिस्त्री, आवाज जरा घुमला पाहिजे.”
“घुमंल की. दिवसाला किती तास चालवणार, दादा?”
“आठ-नऊ.”
“मग तेवढा वेळ तुमच्याच कानात घुमणार बघा.”
दादा हसतो. खोकं काही परत बांधत नाही.

१०.१५
गाडी निवू दिली. क्लॅम्पचा बोल्ट गंजलाय. पोरगा पान्यावर जोर लावतो, मिस्त्री ओरडतात. बोल्ट तुटला तर ड्रिल, मग टॅप, मग लेथवाल्याचे तीनशे. गंजाचा स्प्रे मारून वाट बघायची. तेवढ्यात एका स्कूटीचा ब्रेक आवळून होतो. वीस रुपये.

१०.५०
जुना सायलेन्सर निघाला. वजनातला फरक हाताला लगेच कळतो. कंपनीच्या नळकांड्यात कप्पे असतात. धूर त्यांतून वळणं घेत जातो, तिथंच आवाज मरतो. नव्यात सरळ भोकाभोकाची नळी आणि भोवती काचेची लोकर.
“पिकप वाढेल ना?”
“वजन कमी झालं, तेवढं खरं.”
मला हे उत्तर आवडलं. चोवीस हॉर्सपॉवरच्या इंजिनाला नुसत्या सायलेन्सरने पंख फुटत नाहीत.

११.३०
सेल मारला. समोरच्या चहावाल्याने मान वर केली. ॲक्सिलरेटर सोडला की फटफट फुटतंय. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत पेटतं, त्याचे हे फटाके. दादा खूश. आता त्याला आतली जाळी, म्हणजे डीबी किलरही काढून हवाय.
मिस्त्री एलन की खिशात घालतात. “ते मी काढून देत नाही. पुंगळी करायची तर दुसरीकडं जावा.”
१७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कंपनीतून बाहेर पडताना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचा नियम मोडला तर पहिल्याच वेळी दंड १०,००० रुपयांपर्यंत, शिवाय लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. जप्त पुंगळ्या पोलीस रस्त्यावर मांडून रोलरखाली घालतात, ते सगळ्यांनी पाहिलंय. एका पुंगळीपायी चौदा हजारही त्याच रोलरखाली.
जाळी राहिली. मजुरी चारशे.

दुपारी १.३०
भाकरी, झुणका, कांदा. पंधरा मिनिटं.

२.४५
दुसरी टूरवाली गाडी, कोकणातून परतलेली. उजव्या बाजूच्या बॅगेला तळहाताएवढं भोक. आतला रेनकोट वितळून बॅगेलाच चिकटलाय. सायलेन्सर ऑनलाइन मागवलेला, साडेतीन हजारांचा. त्याला उष्णतेची ढाल नाही. कंपनीच्या सायलेन्सरवर पत्र्याची ढाल असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.
“जुनाच बसवा, मिस्त्री. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं.”
नवं गॅस्केट ऐंशी. मजुरी पुन्हा चारशे. बॅगेचे किती गेले, ते त्याने सांगितलं नाही.

५.१०
भंगारवाला डोकावतो. कोपऱ्यात सकाळच्या दादाचा जुना सायलेन्सर आहे. “ह्याचं बोला.” त्याला लोखंडाशी देणंघेणं नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं. ईको व्हॅनचे सायलेन्सर रातोरात चोरीला जायचे ते ह्याच धातूंच्या पावडरीसाठी. काही गाड्यांत कन्व्हर्टर सायलेन्सरमध्ये असतो, काहींत बेंड पाईपमध्ये. हात लावण्याआधी ते बघावं लागतं.
“गिऱ्हाइकाचा हाय. न्हाई विकायचा.”
पोरगा सायलेन्सरची दोन्ही तोंडं चिंध्यांनी बंद करतो, वरून गोणपाट गुंडाळतो. दादा उद्या घेऊन जाईल.

७.४५
हिशेब. दोन सायलेन्सर, तीन ऑइल बदल, एक क्लच वायर, किरकोळ कामं. भाडं, वीज, पोरगा वजा जाता हाती चौदाशे. मिस्त्रींची स्वतःची गाडी बाहेर उभी आहे. सायलेन्सर कंपनीचा, बुडाशी गंजलेला.

लांब जायचं तर कंपनीचाच बरा. बदलायचाच असेल तर ढाल आणि जाळी बघून घ्या, निघण्याआधी सामान लादून पन्हाळ्यापर्यंत एक चक्कर मारा, आणि जुना भंगारात देऊ नका.