फॉल्स सीलिंगच्या वर काय आहे?

"इंटिरिअरवर आठ लाख घातले, तेवढे घराच्या किमतीत वाढलेच की." भिवंडीत घर विकायला काढलेला माणूस एजंटसमोर बसला की हे वाक्य येतंच. एजंट मान डोलावतो आणि इमारत किती जुनी आहे ते विचारतो. बँकेचा व्हॅल्युअरही आधी कार्पेट एरिया, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहतो. रेडी रेकनरच्या हिशेबात क्षेत्रफळ आणि ठिकाण मोजतात, इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा धरतात. तुमच्या टीव्ही युनिटला तिथे रकानाच नाही. उभ्या पट्ट्यांचे फ्लुटेड पॅनेल, कोपऱ्यातून जाणारे प्रोफाइल लाइट, सगळीकडे बदामी रंग ही आजची फॅशन. घर घेणारा उद्या ती उचकटून स्वतःच्या आवडीची करणार. तुम्हाला आवडत असेल तर जरूर करा, आवड हे पुरेसं कारण आहे. फक्त तिला गुंतवणूक म्हणू नका. एक फायदा मात्र खरा: घरात कायमची सुधारणा केली असेल आणि पक्की बिलं जपली असतील, तर विक्रीच्या वेळी तो खर्च भांडवली नफ्यातून वजा करता येतो. सोफा आणि पडदे त्यात बसत नाहीत.

"सीलिंग केलं की गळतीचा डाग दिसत नाही." खरंय, दिसत नाही. आणि तोच तोटा आहे. पाणी स्लॅबमधल्या सळीपर्यंत पोचलं की सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट फुगवून पाडतो. आधी तपकिरी रेघ, मग पोपडा, मग उघडी सळी, अशी ही पायरी-पायरीने होणारी गोष्ट. जिप्समचं छत या सगळ्या पायऱ्या झाकून ठेवतं. ओल्या भिंतीवर पीव्हीसी पॅनेल ठोकणं हाही त्याचाच प्रकार. आधी एक पावसाळा स्लॅब उघडा ठेवून बघा, वॉटरप्रूफिंग करा, मग सीलिंग. करताना बाथरूमखालच्या भागात हात घालता येईल असं एक झाकण सोडायला सुताराला सांगा. तो कुरकुर करील, तरी सांगा.

"फरशी बदलल्याने इमारतीला काय होणार?" याचं उत्तर आकड्यात देता येतं. राहत्या खोलीचा स्लॅब माणसं, कपाटं, सामान मिळून चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून आखतात. 20 मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला सुमारे 54 किलो भरतो, त्याखालचा चार सेंटीमीटर सिमेंट-वाळूचा थर आणखी 80 किलो. म्हणजे जुनी फरशी न काढता बारा बाय दहाच्या खोलीत ग्रॅनाइट बसवला, तर जवळजवळ दीड टन ओझं कायमचं वाढलं. जुनी फरशी आणि तिचा थर काढून पातळ टाइल ॲडहेसिव्हने लावली, तर उलट वजन कमी होतं. चार मजल्यांवरच्या चार बिऱ्हाडांनी आपापल्या हौसेने तेच केलं, तर बेरीज कोणी करत नाही; तळमजल्याचे कॉलम करतात.

भिवंडीला हे शिकवायची गरज पडू नये. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. 1984 ची ती इमारत. चाळीसच्या आसपास माणसं झोपेतच गेली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ नुसार 30 वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. "ऑडिट केलं की महापालिका घर रिकामं करायला लावते" ही भीती बऱ्याच सोसायट्यांत ऐकू येते. प्रत्यक्षात बहुतेक अहवाल दुरुस्ती सुचवतात आणि दुरुस्ती लवकर झाली तर ती स्वस्तात होते.

"आतल्या भिंती नुसत्या विटांच्या, ओपन किचनसाठी पाडल्या तरी चालतात." कॉलम-बीमच्या इमारतीत कधी चालतात, तेही स्ट्रक्चरल इंजिनीअरने सांगितल्यावर. जुन्या लोडबेअरिंग घरात ती भिंतच छत पेलून असते. आणि नव्या टॉवरमधल्या ॲल्युमिनियम फॉर्मवर्कच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या मिवान इमारतीत भिंती काँक्रीटच्याच असतात आणि त्याच सांगाडा असतात. वायरसाठी खोल चर मारणंही तिथे धोक्याचं. शिवाय रेरा कायद्याने ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तुम्हीच भिंत फोडली असेल, तर त्याला आयतं कारण मिळालं.

उकाड्याचं थोडक्यात. वरच्या मजल्यावर आणखी एक एसी घेण्याआधी सोसायटीने गच्चीला उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप द्यावा. साधा पंखा 75 वॉट खातो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात.

आता सगळ्यात महाग पडणारा गैरसमज: "घरपट्टी भरतो, पावती नावावर आहे, म्हणजे घर अधिकृत." नाही. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, वर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267-अ खाली शास्ती लागते, आणि कर वा शास्ती वसूल केल्याने बांधकाम नियमित होत नाही, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. काल्हेर-कशेळीच्या बाजूला "ग्रामपंचायतीची परवानगी आहे" असं सांगितलं जातं. भिवंडीभोवतालच्या 60 गावांसाठी नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए आहे. बांधकामाला मंजुरी तिची बघायची, ग्रामपंचायतीचा दाखला नव्हे. मेट्रो 5 चे खांब खिडकीतून दिसतात म्हणून चढा भाव मागणाऱ्याला आधी महारेरा क्रमांक विचारा आणि तो महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

जुन्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक कागद. सोसायटी नोंदली म्हणजे जमीन आपली झाली, असं अनेक जण धरून चालतात. अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, होईपर्यंत जमीन मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्याच नावावर राहते, आणि पुनर्विकासाची वेळ आली की गाडी तिथेच अडते. चाळीस वर्षांच्या इमारतीत खरी किंमत त्या जमिनीतल्या वाट्याची असते, मॉड्युलर किचनची नव्हे. बिल्डर सही करत नसेल किंवा सापडतच नसेल, तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करू शकते. त्यासाठी त्याच्या संमतीची गरज नसते.