किलोच्या भावात साखरेचा हत्ती

‘शनिवारी संध्याकाळी सहाला हवाय. दोन किलो, दोन मजली, जंगल थीम. वर हत्ती, सिंह, जिराफ आणि माकड. बाळाचं नाव मोठ्या अक्षरात. किती होतील?’ पुण्या-मुंबईत घरून केक करून देणाऱ्या कोणत्याही बाईचा फोन उघडला तर असे निरोप सापडतातच. सोबत फोटो असतो आणि बहुतेक वेळा तो परदेशातल्या कुणा नामवंत कारागिराच्या कामाचा असतो. भाव कळवला की पुढचं उत्तर ठरलेलं: ‘बापरे! आमच्या कोपऱ्यावर तर किलोला सहाशेत मिळतो.’

कोपऱ्यावर मिळतो हे खरंच आहे. मॉन्जिनीससारख्या साखळी दुकानांनी मुंबईच्या उपनगरांत केक घरोघरी नेला आणि मिठाईच्या दुकानातली सवय त्यालाही लागली: पेढे किलोवर, बर्फी किलोवर, तसा केकही किलोवर. दुकानाच्या केकला हे माप बऱ्यापैकी लागू पडतं. तिथे ठरावीक पाच-दहा नक्ष्या असतात, स्पंज एकदम ढीगभर भाजून निघतो आणि सरावलेला कारागीर काही मिनिटांत एक केक सजवून बाजूला सरकवतो. वजन वाढलं की सामान वाढतं, सामान वाढलं की किंमत वाढते. फर्माइशी केकची गोष्ट वेगळी. त्यात सामान हा किरकोळ भाग असतो. विकले जातात ते तास, आणि तास तराजूत बसत नाहीत.

शनिवारच्या केकचं काम बुधवारी सुरू होतं, तेही ओव्हन न पेटवता. आधी हत्ती. फॉन्डंट म्हणजे साखरेची मऊ, मळता येणारी कणीक. ती तशीच वापरली तर हत्ती तासाभरात बसका होतो, म्हणून तिच्यात चिमूटभर सीएमसी पावडर मळतात. मग ती वाळली की कडक होते. धडाचा गोळा वळायचा, पाय वेगळे, डोकं वेगळं. डोकं धडावर टिकावं म्हणून मानेत न शिजवलेल्या स्पॅघेटीचा तुकडा खुपसतात. टूथपिक चालते, पण एखाद्या पोराने हत्ती कचकन चावला तर स्पॅघेटी निदान तोंडाला लागत नाही. कान सगळ्यात आधी करून चमच्याच्या खोलगट भागावर वाळवायला ठेवायचे, तरच त्यांना बाक येतो. सोंड वर उचललेली हवी असेल तर ती सुकेपर्यंत तिच्याखाली टिश्यूची गुंडाळी लागते. शेवटी डोळे, आणि डोळ्यात टूथपिकच्या टोकाने पांढरा ठिपका. हा ठिपका नसेल तर हत्ती जिवंत वाटत नाही. हात बसलेला असेल तर एका प्राण्याला पाऊण तास, म्हणजे चौघांना तीन तास. वाळायला दोन दिवस.

हे दोन दिवस कोरड्या हवेचे. साखर हवेतलं पाणी ओढून घेते. जुलैत मुंबईत केलेला हत्ती चौथ्या दिवशीही बोटाला चिकटतो. मग बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, नाहीतर एसी लावा. घरगुती केकच्या विजेच्या बिलात ओव्हनपेक्षा एसीचा वाटा मोठा असतो, हे ग्राहकाला सांगूनही पटत नाही. दोन हजार वॅटचा ओव्हन पाऊण तास चालला तर फार तर दीड युनिट जाळतो. एसी दुपारभर चालतो.

शुक्रवारी स्पंज. महाराष्ट्रातल्या बहुतेक फर्माइशी ‘एगलेस’ असतात. घरात अंडं चालत असलं तरी आजी खाणार असते, नाहीतर तो दिवस नेमका संकष्टीचा निघतो. अंडं केकला बांधतंही आणि फुलवतंही. ते काढलं की दोन्ही कामं दुसऱ्या कुणावर तरी सोपवावी लागतात. दही-सोडा, कंडेन्स्ड मिल्क हे घरचे उपाय. धंद्यात मात्र बहुतेक जणी प्रीमिक्सचं पोतं आणतात. नाकं मुरडली जातात, पण प्रीमिक्सचा एक गुण वादातीत आहे: तो दर वेळी तसाच फुगतो. दोन मजले एकाच उंचीचे लागतात तिथे या गुणाला किंमत आहे.

मग क्रीम. दुकानात मिळणाऱ्या साध्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि ते फेटून उभं राहत नाही. म्हणून आपल्याकडचे बहुसंख्य केक वनस्पती तेलापासून केलेल्या ‘नॉन-डेअरी’ क्रीमवर चालतात. ते आधीच गोड असतं, फेटलं की तिप्पट-चौपट फुगतं आणि एप्रिलच्या उकाड्यात दुधाच्या क्रीमपेक्षा जास्त वेळ तग धरतं. अशा तेलांतल्या ट्रान्स फॅटवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली. चव मात्र कायद्याने सुधारत नाही. टाळूला चिकटणारा तो तुपकट थर ज्याला ओळखता येतो त्याला येतोच.

फॉन्डंट आणि क्रीम यांचं हाडवैर आहे. क्रीमला फ्रिज हवा, फॉन्डंटला फ्रिज सोसत नाही. बाहेर काढलं की त्याला घाम फुटतो, रंग ओघळतात. म्हणून पूर्ण फॉन्डंटच्या केकला आत गनाश लावतात. डार्क चॉकलेट असेल तर दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम, व्हाइट असेल तर तीनाला एक. हा लेप थंड झाला की घट्ट होतो आणि वरच्या साखरेच्या चादरीला टेकू देतो. पहिला पातळ हात फक्त भुगा धरून ठेवण्यासाठी, मग फ्रिज, मग दुसरा हात आणि स्क्रेपरने धार. चादर लाटताना हात रेंगाळला तर ती वरून सुकते आणि तिला बारीक सुरकुत्या पडतात. धंद्यात त्याला ‘एलिफंट स्किन’ म्हणतात. जंगल थीमच्या केकवर हत्तीची कातडी आली तरी ग्राहक ती चालवून घेत नाही!

दुसरा मजला चढवायचा तर पहिल्याच्या पोटात जाड स्ट्रॉ उभ्या खोचाव्या लागतात, बरोबर एका उंचीला कापून. वरच्या मजल्याचं वजन बोर्डावरून या स्ट्रॉवर उतरतं, स्पंजवर नाही. हे खांब चुकले तर केक शनिवारी दुपारी नीट दिसतो आणि संध्याकाळी सहाला खचतो.

शनिवारी प्रवास. केक गाडीच्या सीटवर ठेवायचा नसतो, कारण सीट मागे उतरती असते. तो पुढच्या सीटसमोरच्या सपाट जागेत, खाली रबरी जाळी घालून, एसी पायांकडे वळवून न्यायचा. पावसाळ्यातले रस्ते पाहता बऱ्याच जणी हत्ती-सिंह वेगळ्या डब्यात नेतात आणि हॉलवर जाऊन बसवतात. त्या वेळी आसपास किमान चार नातेवाईक उभे असतात आणि प्रत्येक जण माकड कुठे बसवावं ते सांगत असतो.

आता हिशेब. असा दोन किलोचा केक बाजारात साधारण किलोला दीड हजाराच्या भावाने, म्हणजे तीन हजारांना जातो असं धरू. प्रीमिक्स आणि तेल २००, चॉकलेट आणि क्रीम ५००, किलोभर फॉन्डंट ३५०, रंग आणि इतर बारीकसारीक १००, बोर्ड, स्ट्रॉ आणि उंच खोका २५०. झाले १,४००. उरले १,६००. तास मोजले तर प्राण्यांचे तीन, भाजण्याचे दोन, भरणं आणि गनाशचे दोन, चादरीचा दीड, जुळवणीचा दीड, आणि बाजारहाट, फोनवरची चर्चा व भांडी मिळून दोन. एकूण बारा. ताशी १३३ रुपये. ‘ताई, तीनशे कमी करा ना’ म्हटलं आणि ताईंनी केले, की ताशी १०८. बिघडलेला ट्रे, एसीची वीज, ओव्हनची झीज अजून धरलेली नाही.

सामानाचा भावही स्थिर नसतो. पश्चिम आफ्रिकेत पाऊस आणि झाडांवरचा रोग यांनी कोकोचं पीक बसलं आणि एरवी टनाला अडीच-तीन हजार डॉलरच्या आसपास असणारा कोको डिसेंबर २०२४ मध्ये बारा हजारांच्या वर गेला. झळ स्वस्त कंपाऊंड चॉकलेटलाही लागली, कारण कोकोबटर नसलं तरी कोको पावडर त्यात असतेच. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून केक आणि चॉकलेटवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. लहान उलाढालीच्या घरगुती बेकरला कराची वजावट मिळत नाही, तेव्हा कच्च्या मालावरचा कर उतरला तेवढाच तिचा फायदा.

किलोच्या मापातली आणखी एक फसगत भूमितीची आहे. सहा इंची आणि आठ इंची गोल केकमध्ये ‘दोनच इंचांचा’ फरक दिसतो. उंची तीच असेल तर आठ इंचीत पावणेदोन पटीहून थोडं जास्त सामान जातं, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं: ३६ ला ६४. ‘दोन इंच वाढवून द्या’ ही विनंती ऐकायला जितकी साधी, तितकी ती नसते.

रंगांचं प्रकरण तर निव्वळ पैशाचंही नाही. स्पायडरमॅनचा लाल आणि बॅटमॅनचा काळा पांढऱ्या क्रीममधून काढायचा तर रंग ओतावा लागतो आणि खाद्यरंगांना कायद्याने मर्यादा आहे. कर्नाटकाच्या अन्नसुरक्षा विभागाने २०२४ मध्ये तपासलेल्या केकच्या २३५ नमुन्यांपैकी १२ नमुन्यांत कृत्रिम रंगांचं प्रमाण बेतापेक्षा जास्त निघालं. जाणत्या बेकर काळ्यासाठी पांढऱ्याऐवजी चॉकलेटच्या क्रीमपासून सुरुवात करतात आणि रंग कमी घालून रात्रभर मुरू देतात. सकाळी तो आपोआप गडद होतो. ही युक्ती फुकट आहे, फक्त ऑर्डर आदल्या दिवशी आलेली हवी.

केकचा डौल आणि खाण्याचा केक या दोन गोष्टी वेगळ्या, हे इंग्रजांनी टंचाईत शिकून घेतलं. १९४० साली ब्रिटनमध्ये केकवर बाहेरून साखरेचं आयसिंग करण्यावर बंदी आली, तेव्हा नवऱ्या मुली लहानशा केकवर पुठ्ठ्याचा नाहीतर प्लास्टरचा नक्षीदार मनोरा भाड्याने आणून ठेवत. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात साखर रेशनवर होती, पण केक चार मजल्यांचा, नऊ फूट उंच आणि पाचशे पौंडांचा झाला. मॅकव्हिटी अँड प्राइस यांनी तो ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी पाठवलेल्या जिनसांतून केला. आज आपल्याकडच्या रिसेप्शनमधल्या सात मजली केकचे पाच-सहा मजले थर्मोकोलचे ‘डमी’ असतात. ग्राहकाला वाटतं, थर्मोकोल म्हणजे स्वस्त. पण त्यावरची चादर, लेस, साखरेचे गुलाब तेवढेच आणि तितक्याच हाताने करावे लागतात. वाचतो तो फक्त स्पंज, म्हणजे सगळ्यात स्वस्त भाग.

साखरेच्या या कामात पुण्याचं नाव जगात गेलं ते प्राची धबल देब यांच्यामुळे. त्यांनी ब्रिटनमध्ये एडी स्पेन्स यांच्याकडे रॉयल आयसिंग शिकून घेतलं. मूळ रॉयल आयसिंग अंड्याच्या पांढऱ्यात पिठीसाखर फेटून होतं. भारतातली मागणी ओळखून त्यांनी अंड्याविना ते करण्याची पद्धत बसवली. मिलानच्या कॅथेड्रलची त्यांनी साखरेतून उभी केलेली शंभर किलोंची प्रतिकृती वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये नोंदली गेली. दीड हजाराच्या आसपास सुटे तुकडे हाताने नळीतून काढून, वाळवून, मग एकमेकांना जोडलेले. याची किंमत शंभर गुणिले किलोचा भाव अशी कुणी काढेल का?

खरं तर मराठी माणसाला साखरेची कारागिरी नवी नाही. संक्रांतीचा काटेरी हलवा तीळ, खसखस, साबुदाण्यावर पाकाचे थेंब सोडत, मंद आचेवरच्या परातीत हाताने फिरवत दिवसचे दिवस केला जातो. कोरड्या थंडीतच त्याला काटा फुटतो. त्याचे दागिने बाळाच्या बोरनहाणाला आणि नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला लागतात. ते वजनावर नाही, संचावर विकले जातात आणि तिथे कुणी घासाघीस करत नाही. रुखवतात तर खाऊची घरं, तुळशीवृंदावनं, पालख्या मांडल्या जात. पण ते करणाऱ्या आत्या, मावश्या, शेजारच्या काकू. त्यांच्या रात्रींचा हिशेब कधी मांडलाच गेला नाही. केक करणारी बाईही घरच्याच ओट्याशी उभी असते, घरच्याच भांड्यांत ढवळत असते, आणि समोरच्याला अजून ती थोडी काकूच वाटते. पैठणीच्या काठाचा, नथीचा, विठ्ठलाचा केक मागताना तर जास्तच.

२०२० च्या टाळेबंदीत घरगुती बेकर एकदम वाढल्या आणि भाव पाडण्याची स्पर्धा लागली. टिकल्या त्यांच्यापैकी बऱ्याच जणींनी दरपत्रक बदललं आहे. केक वेगळा, प्रत्येक प्राण्याचे पैसे वेगळे, गुलाब नगावर, पोच वेगळी, अर्धी रक्कम आगाऊ. काहींनी किलो हा शब्दच काढून टाकला आणि केक माणसांवर मोजायला सुरुवात केली: दहा जणांचा, वीस जणांचा, तीस जणांचा. ग्राहक ते पत्रक वरपासून खालपर्यंत वाचतो, आवडलं म्हणून अंगठा पाठवतो आणि लगेच विचारतो, ‘वीस जणांचा म्हणजे किती किलो?’