हेळव्याच्या चोपडीत नसलेल्या आज्या

कोल्हापूर-सांगली-बेळगावकडच्या वाचकांना हेळवी कोण हे सांगायला नको. सुगीनंतर बैल घेऊन दारात यायचा, सुपातले धान्य घ्यायचा आणि चोपडी उघडून घराण्याची हकीकत वाचायचा. मूळ गाव कोणते, ते कोणी सोडले, त्याला मुलगे किती! आमच्या घरी झालेल्या वाचनात आज्या-पणज्या जवळजवळ नव्हत्याच.

शरीराचा हिशेब निराळा. गुणसूत्रांच्या तेवीस जोड्यांपैकी प्रत्येकीतले एक आईचे, एक वडिलांचे. पण आई आपले गुणसूत्र जसेच्या तसे देत नाही. तिला तिच्या आईवडिलांकडून मिळालेल्या दोघांची मध्येच अदलाबदल होऊन नवे तयार होते. वडिलांचेही तसेच. म्हणजे दर पिढीला कातर चालते. आजीचे तुकडे लांब, खापरपणजीचे आखूड. एकाच पूर्वजाकडून दोघांकडे आलेला तुकडा तो सामायिक तुकडा, आणि त्याची लांबी सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. आई आणि मूल यांच्यात असे सुमारे ३,४०० सेंटिमॉर्गन सामायिक असतात. सख्ख्या चुलत किंवा आते-मामे भावंडांत सरासरी ८५०.

या हिशेबाला कूळ ठाऊक नाही, की दत्तकविधान ठाऊक नाही. राजर्षी शाहू महाराज जन्माने कागलचे घाटगे. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. त्यांची कन्या आक्कासाहेब देवासच्या पवारांकडे दिलेली. तिचा मुलगा १९४७ साली शहाजी महाराज म्हणून पुन्हा कोल्हापूरला दत्तक आला. कागदावरच्या वंशवृक्षाला हे नाते जुळवायला दत्तकपत्र लागते. गुणसूत्रांच्या दृष्टीने तो सरळ मुलीचा मुलगा, आजोबांचा सरासरी चौथा हिस्सा घेऊन आलेला.

हे सारे लिहायला निमित्त झाली माझी अमेरिकेतली भाची. तिकडे नळीत थुंकी भरून पाठवली की नातेवाइकांची यादी येते. तिच्या यादीत गडहिंग्लजकडचा एक अनोळखी तरुण निघाला. एकूण सामायिक लांबी १९८ सेंटिमॉर्गन, आणि शेजारी शेरा, की दोघांचे पणजोबा-पणजी बहुधा एकच. भाचीचे पणजोबा म्हणजे माझे आजोबा. ते गुळाच्या व्यापारापायी आठवडा-आठवडा गडहिंग्लजला मुक्काम करीत. झाले! घरात कुजबूज सुरू झाली. ऐंशी पार केलेली माझी आई दोन दिवस नीट जेवली नाही. वडिलांचे नाव असे कोणी घेतलेले तिला सोसणारे नव्हते.

मी भाचीला म्हटले, बेरीज राहू दे, तुकडे किती आणि सर्वांत लांब केवढा ते कळव. उत्तर आले: बावीस तुकडे, सर्वांत लांब तेरा सेंटिमॉर्गनचा.

खरी गोम इथेच आहे. पूर्वज जितक्या पिढ्यांमागचा, त्याच्या दुपटीने शंभराला भागा. येईल ती तुकड्याची सरासरी लांबी. पणजोबा तीन पिढ्यांमागचे, म्हणजे सुमारे सतरा, आणि त्यांत एखाददुसरा तुकडा तीस-चाळिसांच्या घरातला हमखास अपेक्षित. दहा पिढ्यांमागचा असेल तर पाच. शिवाय आजोबांचे दुसरे घर असते, तर बेरीज सरासरीने शंभराच्या आसपासच यायला हवी होती, कारण पणजी वेगळी. इथे बेरीज मोठी आणि तुकडे बारीक. हे एका माणसाचे काम नव्हे.

मग कोणाचे? दहा पिढ्यांमागे प्रत्येकाच्या वंशवृक्षात १,०२४ जागा असतात. पण मुली पंचक्रोशीत, जातीत आणि पुन्हा मामाच्या घरात देणाऱ्या आपल्या मुलखात तेवढी वेगवेगळी माणसे आणायची कुठून? मामाच्या मुलीशी लग्न झाले, की त्या जोडप्याच्या मुलांना आठाऐवजी सहाच पणजोबा-पणज्या. महाराष्ट्रातल्या या चालीची चर्चा इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात केली आहे. तीच माणसे अनेक जागांवर येतात, त्यांचे तुकडे अनेक वाटांनी उतरतात आणि बेरीज फुगते. पाश्चात्त्य कुटुंबांवर बेतलेला शेरा मग इथे फसतो.

आईला हे समजावताना माझी दमछाक झाली. तिने शेवटी एवढेच विचारले, "म्हणजे लांबचा पाहुणाच की तो आपला?" आणि कोल्हापूरला आला तर जेवायला बोलाव, असे बजावले.

अब्रूचा प्रश्न असा मिटला. प्रकृतीचा मात्र मिटत नाही. मामेबहिणीशी लग्न केलेल्याच्या मुलात सरासरी सोळावा हिस्सा असा, की दोन्ही बाजूंनी तोच तुकडा. त्यात सदोष जनुक असेल, तर झाकायला दुसरी चांगली प्रत नाही. नात्यात लग्न न करताही ही पाळी येऊ शकते. हैदराबादची पेशी व रेण्वीय जीवविज्ञान संस्था आणि हार्वर्डचे संशोधक यांनी २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांचे सामायिक तुकडे तपासले. त्यांतले ८१ समूह फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही थोड्या पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा दाखवतात. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात एक विकर कमी असण्याचे प्रमाण जास्त आहे. तशा रुग्णाला शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणारे एक नेहमीचे औषध दिले, तर त्याचा अंमल वेळेत उतरत नाही आणि श्वास अडतो. म्हणून तिकडचे डॉक्टर भूल देण्याआधी रुग्णाला त्याचा समाज विचारतात.