आपलं पाणी – भाग ६ : पंप कुठे धुता?

गेल्या भागात विहिरीतल्या खतांबद्दल वाचलंत. आज औषधांकडे वळू, आणि त्यातही औषध मारणाऱ्या हाताकडे.

घोरावाडी स्टेशनच्या एका अंगाला इंद्रायणीचं खोरं, दुसऱ्या अंगाला पवनेचं. पवनेचं पाणी रावेतला उचलून पिंपरी-चिंचवडला जातं. वर मावळात भातखाचरं, तळेगावच्या पट्ट्यात गुलाबाची पॉलिहाऊसं. फवारणी दोन्हीकडे आलीच. तणनाशक मारल्या मारल्या मावळी पाऊस कोसळला, की खाचराचं पाणी बांध फोडून ओढ्याला लागतं, हे खरं. पण दाट विष एकाच जागी सांडतं ते फवारणीचा पंप भरताना आणि धुताना. आणि ती जागा बहुतेक वेळा विहिरीचा काठच असते.

हिशेब करून पाहा. क्लोरपायरिफॉस २० टक्के ईसीच्या बाटलीत तळाला ५ मिली राहिलं, तर त्यात सुमारे १ ग्रॅम मूळ विष असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) त्याची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे तेवढं विष ३३ हजार लिटर पाणी मर्यादेला नेऊन भिडवतं. दहा फूट व्यासाच्या विहिरीत पंधरा फूट पाणी असलं, तर ते साधारण एवढंच भरतं! वर आपला खडक काळा पाषाण. पाणी भेगांतून थेट खाली उतरतं, मातीत गाळलं जाईल या भरवशावर राहू नये.

फवारणाऱ्याला शिकवायचं फार नाही. पंप भरताना पाण्याच्या पाइपचं तोंड द्रावणात बुडू द्यायचं नाही, नाहीतर मोटर बंद होताच तेच द्रावण उलटं विहिरीत ओढलं जाऊ शकतं. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं. औषधाचे पैसेही वसूल होतात. पंपाचं धुवण फवारलेल्याच शेतात, पाणवठ्यापासून लांब.

धुवणानं आणि रिकाम्या डब्यांनी पाणी दूषित होऊ नये, हे १९७१च्या कीटकनाशक नियमांतही लिहिलेलं आहे. ते वाचणार कोण? दुकानदारासाठी ‘देसी’ हा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आहे. पॉलिहाऊसचे वर्ग तळेगावात भरतात, पण तिथे जातो बहुधा मालक. पाठीवर पंप घेणारा रोजंदारीवाला शिकतो तो शेजारच्याचं बघून. युरोपीय संघानं २००९च्या निर्देशानुसार व्यावसायिक फवारणी करणाऱ्याला प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. आपल्याकडे २०१७ साली यवतमाळात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं दगावले, तेव्हा कुठे मास्क-हातमोज्यांची चर्चा झाली. पाण्याचा विषय मागेच राहिला.

आपल्याकडे तसं प्रमाणपत्र लागू होण्याची वाट बघत बसू नका. खरिपाआधी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) गावात बोलवा, वर्ग बांधावर घ्या, आणि मजुराचा त्या दिवसाचा रोज बुडू देऊ नका. पंप भरण्याची जागा विहिरीपासून लांब कुठे असावी, हे ग्रामसभेत ठरवून घ्या.

(पुढील आठवड्यात : पाण्याचा नमुना तपासायला कसा आणि कुठे द्यावा)