नोंद एक, पाने अनेक

संकेतस्थळ तयार करणे हे संगणकाच्या विद्यार्थ्यांचे काम, असे आपण कलाशाखेचे विद्यार्थी मानतो. पण त्यातील मुख्य कल्पना समजायला आपल्या कार्यालयातला बोनाफाईड दाखला पुरेसा आहे.

दाखल्याचा नमुना छापील असतो. नाव, वर्ग, जन्मतारीख यांच्या जागा मोकळ्या असतात. कारकून रजिस्टर उघडतात आणि नोंद पाहून त्या जागा भरतात. नमुना एक, विद्यार्थी शेकडो. संकेतस्थळाचा साचा, म्हणजे टेम्प्लेट, हा असाच नमुना होय. आणि डेटाबेस हे त्याचे रजिस्टर.

वर्डप्रेस ही प्रणाली २००३ साली सुरू झाली. तिच्यावर चालणारे एलिमेंटर हे साधन २०१६ साली आले. त्यात प्रोग्रॅमिंग न येताही माऊसने ओढून पानाची मांडणी करता येते. शीर्षकाच्या चौकटीत आपण मजकूर टाईप केला, तर तो तसाच राहतो. पण शेजारी एकावर एक चकत्या रचल्यासारखे छोटे चिन्ह असते. ते दाबून ‘पोस्ट टायटल’ निवडले, की ज्या नोंदीचे पान उघडले असेल तिचेच शीर्षक तेथे येते. हाच डायनॅमिक मजकूर. चित्रासाठी ‘फीचर्ड इमेज’ निवडावे. अंतिम तारखेसारख्या खास माहितीसाठी आधी ‘कस्टम फील्ड’ नावाचे रकाने करून घ्यावे लागतात. रकाना रिकामा राहिल्यास काय दिसावे, ते ‘फॉलबॅक’मध्ये लिहावे. शेवटी साचा कोणत्या पानांना लागू, ती अट घालावी. ही सोय मात्र एलिमेंटरच्या विकतच्या ‘प्रो’ आवृत्तीत मिळते.

याचे महत्त्व मला शिष्यवृत्तीच्या सूचनांमुळे कळले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. अर्जाची मुदत कधी, हे घरी कोणाला विचारणार? आमच्यासारख्यांना सूचनेतली तारीख हाच आधार. गेल्या वर्षी एका संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर वाढीव मुदत होती, पण योजनेच्या पानावर जुनीच तारीख राहिली होती. माझ्या एका मैत्रिणीने ते दुसरे पान पाहिले आणि मुदत संपली असे समजून अर्जच केला नाही. तारीख एकाच रकान्यात असती आणि दोन्ही पानांनी ती तेथूनच घेतली असती, तर एक नोंद बदलताच दोन्हीकडे बदल झाला असता.

मात्र यंत्राला खरेखोटे कळत नाही. रजिस्टरातच तारीख चुकली, तर ती सगळ्याच पानांवर चुकीची दिसेल. म्हणून साचा करण्यापूर्वी, रकाना कोण भरणार आणि कोण तपासणार, हे ठरले पाहिजे. आपल्या महाविद्यालयाच्या सूचनांसाठी असा साचा करायचा झाल्यास, तपासण्याचे काम आम्हा विद्यार्थ्यांपैकी दोघांकडे द्यावे, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे.